बातमीत दुरुस्ती करा, ती परिषद चपलांची नव्हती

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरच्या जिल्हा पानावर एक बातमी आली होती, फोटोसकट. चर्मोद्योगाच्या परिषदेसाठी तालुक्याची लेक अमेरिकेत, असं काहीतरी हेडिंग होतं. त्या फोटोत शाल पांघरून, हातात नारळ धरून, कॅमेऱ्याकडे न पाहता सरपंचाच्या पायाकडे पाहत असलेली बाई म्हणजे मी. पायाकडे पाहत होती कारण त्यांच्या उजव्या बुटाची शिलाई उसवली होती, सवय आहे, जात नाही. तर बातमी सगळीच चूक नाही. बाई अमेरिकेला गेली हे खरं, परिषद बायकांची होती हे खरं, लेदरची होती हेही खरं. पण ती चपलाबुटांची नव्हती. म्हणून हे पत्र. नाव-गाव छापू नका, ज्यांनी फोटो पाहिला त्यांना समजेलच आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांनी अंदाज लावत बसावं.

मी कोणाला खोटं बोलली नाही हे आधी सांगते. जायच्या आधी ज्यानं विचारलं त्याला एकच उत्तर दिलं, शिकागोकडं बायकांची लेदर कॉन्फरन्स आहे. आमचं घर चर्मकाराचं, बाबा बसस्टँडच्या लिंबाखाली पेटी मांडून बसायचे, पेटीच्या झाकणाला आतून रोहिदास महाराजांचा फोटो चिकटवलेला. आता मी घरीच पट्टे, पाकिटं, बॅगा शिवते. मग लेदर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यापुढं चप्पल आली आणि मी ती येऊ दिली, बस, एवढीच माझी चोरी. पण त्या चोरीवर सत्कार झाला, बातमी झाली, आता शाळेतून बोलावणं आलं की आठवी-नववीच्या पोरींना परदेशातल्या संधींवर दोन शब्द सांगा. तिथं माझा धीर सुटला.

तिकडं लेदर हा एका समाजाचा शब्द आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या मोटरसायकलवाल्या पुरुषांचे क्लब निघाले, कातडी जाकिटं, बूट घालणारे, त्यात पुरुषावरच प्रेम करणारे पुष्कळ होते, तिथून तो शब्द आला. बायकांनी आपलं वेगळं नंतर काढलं. सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ मध्ये 'सॅमवा' नावाची संघटना निघाली, १९८७ पासून 'इंटरनॅशनल मिझ लेदर' नावाची बायकांची स्पर्धा सुरू झाली. या सगळ्याला आजची पोरं किंक म्हणतात, बीडीएसएम पण म्हणतात. म्हणजे काय तर मोठ्या, समजदार माणसांनी आधी बोलून, ठरवून, राजीखुशीनं बांधणं, बांधून घेणं, हुकूम देणं, हुकूम ऐकणं, कधी मार देणं आणि घेणं पण. ऐकून तुम्हाला कसंतरी वाटलं असेल तर वाटू द्या, मलाही वाटलं होतं.

माझ्यापर्यंत हे आलं ते ऑर्डरमधून. सहा-सात वर्षं झाली असतील, मुंबईच्या एका बाईनं फोनवर पट्टा सांगितला, चौदा इंच, दीड इंच रुंद, आतून मऊ अस्तर, पुढं कडी. मी विचारलं, मॅडम कुत्रं कोणत्या जातीचं आहे, म्हणजे कडी किती जाड लावू ते समजेल. तिकडून बराच वेळ आवाजच नाही, मग ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. म्हणे ताई, कुत्रं नाही, माझीच मान आहे. मी फोन ठेवून दिला. दोन दिवस काम केलं नाही. तिसऱ्या दिवशी शिवायला घेतला आणि शिवता शिवता मला समजलं की मला घाण वाटून नाही राहिली, मला ते पाहायचं आहे. त्यावेळी माझं वय बेचाळीस, पोरगी कॉलेजात, नवरा घरात नव्हता. त्याबद्दल पुढं लिहिते. त्या बाईशी मग ओळख वाढली, तिनं हळूहळू वाचायला पाठवलं, मोठ्या शहरांत आपल्याकडंही असे लोक भेटतात, बोलतात हे समजलं. बाकी माझ्या मनातलं किती सांगायचं ते मी ठरवीन, तुमच्या पेपरात नाही सांगणार.

नवऱ्याचं सांगते कारण लोक तेच म्हणतील, की मार खाऊन खाऊन बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी मार खाल्ला हे खरं आहे. अकरा वर्षं खाल्ला, आणि त्यातला पुष्कळसा मी स्वतः शिवलेल्या पट्ट्यानं, कारण घरात पट्टे लटकलेलेच असायचे. म्हशीचं कातडं, दुहेरी शिलाई, माझं काम मजबूत असते. एकदा बक्कल लागून खांदा फुटला तेव्हा मी पोरीला घेऊन बाबांकडं आली ती आलीच. आता मी जे पट्टे शिवते तेही म्हशीचेच, बक्कलही त्याच कंपनीचं. पण आता मापाच्या आधी मी विचारते कोणासाठी आहे, त्या माणसाला माहीत आहे काय, आणि उलटसुलट उत्तर आलं तर ऑर्डर घेत नाही. दोन वेळा परत केली आहे, ॲडव्हान्ससकट. ज्याला त्या दोन पट्ट्यांत फरक दिसत नाही त्याला मी काय समजावू. आणि आजार म्हणाल तर सहमतीनं केलेली ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या नव्या यादीतून काढून टाकली, ती यादी २०२२ पासून लागू आहे, डॉक्टर लोकांना विचारून घ्या.

जायचं कसं जमलं तेही लोक विचारतात, कोणी पैसे दिले म्हणून. कोणी दिले नाही. तीन वर्षांची शिल्लक आणि भिशी. पासपोर्टसाठी नागपूरच्या दोन चकरा, पोलीस व्हेरिफिकेशनला पोलीस पाटील आले ते चहा पिऊन म्हणे, "बाई तू त पार वाशिंग्टनले निंगाली." विजाची फी १८५ डॉलर, ती नाकारलं तरी परत येत नाही, ते भरताना हात कापला. मुंबईला बीकेसीत मुलाखत होती. तिथं काचेपलीकडच्या साहेबाला मी लपवलं नाही, बायकांची लेदर कम्युनिटीची परिषद म्हणून सांगितलं, कागदं दाखवली. आख्ख्या प्रवासात पहिल्या वाक्यात समजलेला तो एकटा माणूस. त्यानं फक्त विचारलं खर्च कोण करणार, तिकडं काही विकणार काय. विकणार नव्हतीच, विजिटर विजावर दुकान मांडता येत नाही हे पोरीनं मला आधीच बजावून ठेवलं होतं. बाबासाहेबांच्या नावाच्या विमानतळावरून बसली, नागपूर ते दोहा, दोहा ते शिकागो. रापी आणि आरी पोरीनं मोठ्या बॅगेत टाकायला लावली होती नाहीतर सिक्युरिटीवाल्यानं तिथंच ठेवून घेतली असती. अवजारं कशाला नेली म्हणाल तर अवजारं घरी ठेवून मला झोप येत नाही.

हॉटेलात परिषद होती. मला वाटलं होतं सिनेमातल्यासारखं काळोख, लाल लाइट. तिथं पाहते तर साठी-सत्तरीच्या कितीतरी बायका, काठी टेकत, व्हीलचेअरवर, कोणाच्या गुडघ्याला पट्टा, कोणी विणकाम करत बसलेली. कातडी जाकीट काढलं तर आमच्या गावचं भजनी मंडळ. दाराशी वयाचा पुरावा पाहतात, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. फोटो नको त्या बाईच्या बिल्ल्याला वेगळी फीत. आणि कोणी कोणाला विचारल्याशिवाय हात लावत नाही, खांद्यावर सुद्धा नाही. मला पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, मिठी मारू काय. मी नाही म्हटलं, कारण प्रवासानं अंग दुखत होतं. ती बरं म्हणून हसली आणि चहा आणून दिला. नाही म्हटल्यावर पुढं काय होते याची मी वाट पाहत राहिली, काहीच झालं नाही.

दिवसा वर्ग असतात. दोरीचा वर्ग पाहिला, त्यात अर्धा वेळ नसा कुठून जातात तेच. दंडाच्या बाहेरच्या बाजूनं एक नस जाते, ती दबली तर मनगट लुळं पडते, म्हणून दोरी तिथं घट्ट नको, मुंग्या आल्या की लगेच सोडायचं, बोथट टोकाची कात्री हाताशीच ठेवायची. पट्ट्याबद्दल मलाच विचारलं त्यांनी, अरुंद पट्टा का कापतो, कड का घासून गोल करायची, दोन बोटं जागा का सोडायची. हे मला बाबांनी बैलाच्या सामानावर शिकवलं होतं. मोडकं इंग्रजी आणि हात, दोन्हीनं सांगितलं. थांबायचा शब्द आधी ठरवतात, पुष्कळ जण सिग्नलसारखं करतात, पिवळा म्हणजे हळू, लाल म्हणजे थांब, ताबडतोब, का ते नंतर. तोंडानं बोलता येणार नसेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा धरतात, तो खाली पडला की थांबायचं. न्यूयॉर्कच्या अशाच एका संघटनेनं १९८३ मध्ये याचं एक सूत्रच बनवलं, सुरक्षित, शहाणपणानं आणि संमतीनं. नंतरच्यांना ते अपुरं वाटलं, म्हणे पूर्ण सुरक्षित काहीच नसते, धोका माहीत करून घ्या आणि मग हो म्हणा.

भांडणंही खूप आहेत त्यांच्यात. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात स्त्रीवादी बायकांची सभा होती, तिच्या दारात दुसऱ्या स्त्रीवादी बायका विरोध करत उभ्या होत्या, की हे सगळं पुरुषी आहे म्हणून. ते भांडण अजून मिटलं नाही, आमच्या बचत गटात कर्जाच्या हप्त्यावरून चालते तसं चालू आहे. मलाही एक गोष्ट पटली नाही. ते मालक आणि गुलाम असे शब्द सर्रास वापरतात, खेळात. मी म्हटलं माझ्या घराण्यात हे खेळात नव्हतं हो. सगळ्या हॉलमध्ये सावळ्या बायका आम्ही बोटावर मोजण्याइतक्या, त्यातली एक काळी अमेरिकन बाई उठून हेच बोलली, माझ्यापेक्षा चांगलं बोलली. कोणाला राग आला, कोणी मान हलवली, ठराव काही झाला नाही. आणि एकीनं मला खजुराहोबद्दल विचारलं. तिला म्हटलं पासपोर्ट-विजाच्या चकरा सोडल्या तर मी यवतमाळ जिल्ह्याच्या पुढं पहिल्यांदा निघाली ती इकडं, खजुराहो पाहायचं आहे अजून.

आता ज्यासाठी मला गेल्याचं सार्थक वाटते ते सांगते. तिथं एका कोपऱ्यात उंच खुर्ची होती आणि खाली स्टुलावर एक बाई बूट पॉलिश करत बसली होती. समोर रांग. बुटपॉलिशला त्यांच्यात मान आहे, मोठा मान, स्पर्धा होतात त्याच्या. माणूस खुर्चीवर बसायच्या आधी विचारतो, माझे बूट करशील काय, आणि खालची बाई ठरवते करायचे की नाही. मी उभी राहून पाहत होती किती वेळ कोण जाणे. बाबांच्या पेटीवर लोक पाय ठेवायचे न विचारता, चप्पल न काढता, कोणाशी बोलत बोलत, बाबांकडं न पाहता. मास्तर पण, कंडक्टर पण. पैसे वरून टाकायचे, हातात द्यायचे नाही. मी आठ वर्षांची असताना पेटीजवळ बसून ती नाणी वेचायची. त्या खालच्या बाईनं मला पाहिलं, तिला वाटलं बूट करायचे असतील. मी म्हटलं नाही, ब्रश पाहू दे. तिनं दिला. मग तिनं सरकून जागा दिली आणि त्या संध्याकाळी मी नऊ जोड केले. प्रत्येकीनं आधी विचारलं. एकीला मी नाही म्हटलं, उगाच, पाहायला. तीही बरं म्हणून गेली, मग मला वाईट वाटलं आणि मागे जाऊन तिला बोलावून आणली.

शिकागोत त्यांचं म्युझियम पण आहे, 'लेदर आर्काइव्ह्ज अँड म्युझियम', १९९१ चं. तिथं जुनी जाकिटं, बिल्ले, पत्रं, बूट जपून ठेवले आहेत काचेत. बाबांची पेटी आमच्या न्हाणीत साबण-कपडे ठेवायला आहे. होती. आल्यावर पुसून आत आणली.

खेळ झाला की एक गोष्ट करतात, तिला आफ्टरकेअर म्हणतात. पांघरूण द्यायचं, पाणी, काही गोड, जवळ बसायचं, लागलं असेल तिथं मलम. सगळ्यांना ते समजावून सांगावं लागत होतं, मला नाही लागलं. आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकतात ना, तूप-हळद लावून, वर्षभर जू ओढलं म्हणून. आणि त्याच्या कानात म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मी तिथल्या बायांना हे सांगितलं तेव्हा एकीनं डायरीत लिहून घेतलं. मला मात्र विमानात येताना वेगळंच डोक्यात येऊन राहिलं, की बैलाला आवतन देणारा आमचा गडी रात्री बायकोला काही विचारत नाही. आणि कायदा पण त्याच्याच बाजूनं. नवा कायदा आला १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहिता, तिच्या कलम ६३ मध्ये जुनाच अपवाद तसाच ठेवला, की बायको अठरा वर्षांच्या वर असेल तर नवऱ्याचा बलात्कार हा बलात्कार नाही. दिल्ली हायकोर्टात ११ मे २०२२ ला दोन न्यायाधीशांचे दोन निकाल आले, एक म्हणे अपवाद रद्द करा, एक म्हणे राहू द्या. परिषदेत एका इंग्लंडच्या बाईनं त्यांचं सांगितलं होतं, १९९३ मध्ये त्यांच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, म्हटलं की दोन्हीकडून संमती असली तरी जखम झाली तर गुन्हाच. म्हणजे त्यांच्याकडं हो म्हटलेलं मोजलं नाही आणि आपल्याकडं घरात नाही म्हटलेलं मोजत नाहीत.

आल्यावर बचत गटाच्या बाया एकदा रात्री बसल्या होत्या, लाइट गेली होती, विचारलं त्यांनी, काय शिकोलं वं तिकडं. मी सगळं नाही सांगितलं, लाल-पिवळ्याचं सांगितलं. एक हसली, म्हणे, "माह्या घरी लाल म्हणलं त बुढा म्हणीन मिरच्या आणू काय." सगळ्या हसल्या. मग एक जण हसता हसता गप्प झाली आणि म्हणे, "किल्ल्या पाडल्या तरी थांबत नाई त्यानं काय कराव बाई?" तिला मी कायद्याचं सांगितलं, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असते, लैंगिक छळही त्यात धरला आहे, त्यात बायको म्हणून अपवाद नाही. ती कुठं जाईल असं वाटत नाही. पण किल्ल्यांचं तिच्या लक्षात राहिलं, परवा नळावर भेटली तर जुडगा कमरेला अडकवलेला होता, माझ्याकडं पाहून वाजवला.

माझ्या पोरीला हे पत्र वाचून दाखवलं. पुण्यात असते, नोकरी करते, तिला सगळं माहीत आहे. म्हणे आई तू लिहू नको, सगळे विसरतील आपोआप. मी म्हटलं शाल कोणी विसरत नाही. तिचं लग्न व्हायचं आहे हे मलाही समजते, तिनं दोन दिवस विचार केला आणि म्हणे पाठव, फक्त माझं नाव नको. म्हणून नाव नको.

सरपंच साहेबांना राग येईल, त्यांची चूक नाही, त्यांनी चांगल्या मनानं केलं. त्यांच्या बुटाची शिलाई मी फुकट करून देईन, पण बूट काढून द्यावे लागतील आणि आधी विचारावं लागेल. शाळेत मी येईन, पण पट्टा कसा शिवतात ते शिकवायला, संधीबिंधी मला सांगता येत नाही. आणि कोणाला शाल परत पाहिजे असेल तर उशीर झाला. शेजारच्या नातवाच्या लाकडी बैलाला तान्ह्या पोळ्यासाठी झूल पाहिजे होती, मी ती शाल मापानं कापून, कड दुमडून, खाली घुंगरं लावून शिवून दिली, आता ती शाल राहिली नाही. नारळ सत्काराच्याच रात्री फोडला.

दुरुस्ती बातमी छापली होती त्याच पानावर छापा, आत कुठं कोपऱ्यात नको.

आपली,
(नाव-पत्ता तुमच्याकडे आहे)
यवतमाळ जिल्हा